गाडी लागली

मी एका माणसाला मोटारीने पाडलं आणि पळून गेले. अगदी रायपूरपर्यंत नाही. दोन वळणं घेतली आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन लपले, एवढंच. सकाळी नऊच्या उन्हात पांढरी गाडी टाकीच्या खांबाआड लपते असं वाटणारी शहाणी मीच.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि गाडी शिकून तीन आठवडे झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, मनगटावर गाडीची किल्ली अडकवायचा पट्टा, आणि लक्ष रस्त्यावर सोडून सगळीकडे. भिलाईतल्या आमच्या सेक्टरच्या बसथांब्यावर आमच्याच क्वार्टरांच्या ओळीतली एक बाई उभी होती. "इस उमर में सीखोगी?" असं तिने मला विचारलं होतं. तिने मला पाहिलं की नाही, ते मी पाहत होते. तेवढ्यात समोर सायकल आली. म्हणजे सायकल आपल्या जागीच होती, आले मीच. सायकलवाला रस्त्यावर आडवा झाला, पाय धरून ओरडला. मी उतरले आणि सर्वांत आधी काय पाहिलं? बंपर. ओढणीने ओरखडा पुसूनही पाहिला. मग चौकातून माणसं धावत येताना दिसली, आणि मी गाडीत बसून सुटले.

नवरा कारखान्यात ड्यूटीवर. फोन लावला तो शेजारच्या गार्डकाकाजींना.

"काकाजी, गाडी लागली!"

"मंग उतरा ना खाली," ते शांतपणे म्हणाले. "जराशी हवा खा. लिंबू असन तं चाखा. पण बाई, स्वतः चालवणाऱ्याले गाडी कशी लागून राहिली?"

आमची भिलाईची मराठी अशी. निम्मं वाक्य हिंदीतून उचललेलं. मला म्हणायचं होतं धडकली, त्यांना ऐकू आली उलटी.

"मले नाही लागली! माणसाले लागली!"

पलीकडचा आवाज बदलला.

"कुठं हाय तो?"

"मागं. बसथांब्यापाशी."

"अन् तुमी?"

"पुढं."

"मागं चाला. आत्ताच्या आत्ता. मी येऊन राहिलो."

गार्डकाकाजी दुर्ग लाइनवर मालगाडीचे गार्ड होते. निवृत्तीनंतर मुलाच्या क्वार्टरात राहायला आले. जन्मभर शेवटच्या डब्यात हेलकावे खाल्लेला माणूस. स्वयंपाकघरातसुद्धा पाय फाकवून उभा राही आणि चहा नेहमी अर्धा कप घेई. "पूर्ण भरला तं सांडते," म्हणत. सून कपाळाला हात लावी, "बाबा, फरशी हलून नाही राहिली!" यावर ते पायांकडे पाहत आणि म्हणत, "तुमची नसन हालत."

मी परत गेले तेव्हा वीसेक माणसं जमली होती. गाडी ओळखून कोणी बॉनेटवर थाप मारली, कोणी "यही मैडम है!" म्हणून ओरडलं. काच खाली करायची की वर, तेच कळेना. तेवढ्यात काकाजींची स्कूटर आली. ते माझ्याकडे आले नाहीत, जखमी माणसाकडेही गेले नाहीत. डिकीतून लाल कपडा काढला, पन्नास पावलं मागे जाऊन तो एका कॉलेजातल्या पोराच्या हाती दिला आणि म्हणाले, "हिलाते रहो. पीछेवाला आके इसी पे चढेगा." मग वळले. पुढे ही त्यांची शिकवण मी इतक्या वेळा ऐकली की पाठ झाली: "पयले मागचा थांबवा. मंग माणूस पाहा. मशीन कुठं पळून नाही जात." शेवटचं वाक्य म्हणताना ते माझ्याकडे बघून हळूच हसत. मशीन पळाली होती ना एकदा.

तो माणूस होता बिसाहू, जवळच्या कुरुद गावचा गवंडीकाम करणारा मिस्त्री. दोघंजण त्याला हाताला धरून उठवत होते. काकाजी कडाडले, "हात मत लगाओ!" पायाला छत्री आणि घडी केलेली वर्तमानपत्रं लावली, माझी ओढणी घेऊन बांधली, आणि मगच चौघांनी त्याला अलगद माझ्या मागच्या सीटवर ठेवलं. बिसाहू कण्हत आपल्या सायकलीचंच विचारत होता, "मोर साइकिल कहाँ हे, दीदी?" त्याला मीच पाडलं होतं आणि तो मला दीदी म्हणत होता. गाडी काकाजींनी चालवली. मी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

दवाखान्यातून पोलीस ठाण्यात. वाटेत मी तयारी करत होते, ब्रेक लागला नाही म्हणावं, सायकल एकदम आडवी आली म्हणावं. काकाजींनी समोर बघतच सांगितलं, "गोष्ट लहान करू नका, मोठीबी करू नका. झाली तेवढी सांगा."

सांगितली. बसथांब्यावरच्या बाईसकट. लिहिणारा हवालदार हसला, मी रडले.

बिसाहूचा पाय सांधला. प्लास्टरमध्ये असताना मी दर रविवारी कुरुदला जायची, काकाजी सोबत. आमच्या अंगणातला ओटा पुढे त्यानेच बांधला, आणि बांधताना गाडी लांब उभी करायला लावली.

मग काकाजींच्या मुलाने मुदतीआधी निवृत्ती घेतली, क्वार्टर सोडलं आणि सगळे नागपूरला गेले. दोन वर्षांनी काकाजी वारल्याचं फोनवर कळलं. आता त्या क्वार्टरात दुसरं कुटुंब आहे, चांगली माणसं आहेत. तरी गाडी फाटकाबाहेर काढताना मी तिकडे पाहते. कुंपणावरून कोणीतरी "मागचा येऊन राहिला काय, पाहा!" म्हणून ओरडावं, आणि मी "दिसते मले, काकाजी!" म्हणून चिडावं, एवढंच हवं असतं.

ते नागपूरला गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी सामान बांधून झालं होतं. बांधलेल्या गाद्यांवर आम्ही दोघं बसलो होतो. मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं, "काकाजी, मी पळाली होती हे तुमी कॉलनीत कधीच कोणाले सांगितलं नाही. कावून?"

त्यांनी अर्धा कप बाजूला ठेवला.

"बाई, मी नवा नवा गार्ड होतो. भर दुपारी गाडी एकदम थांबली. ड्रायव्हर म्हणे, कोणीतरी धडकलं वाटते, मागं जाऊन पाहून ये. मी शंभरक पावलं गेलो. अजून गेलो असतो तं दिसलं असतं. मले पाहाचंच नव्हतं. परत आलो अन् कोणी नाही म्हणून सांगून देलं. तुमी गेल्या ना मागं? तुमच्यापाशी त्या माणसाचं नाव तरी हाय."