कात्री कोणाच्या हातात होती

सर्जरी विभागातल्या बाईंना शिकाऊ डॉक्टर पाठीमागे 'चिमटा' म्हणत. कोणी गाठ सैल मारली की बाई तोंडानं काही बोलत नसत. हातातला चिमटा त्याच्या बोटांवर टक्‌कन मारत, गाठ कापून टाकत आणि पुन्हा मारायला लावत. लाल झालेली बोटं मुलं कॅन्टीनमध्ये एकमेकांना दाखवत, बाईंच्या नावानं तीच बोटं मोडत, आणि तरीही युनिटं वाटायची वेळ आली की बाईंच्याच युनिटात नंबर लागावा म्हणून वशिला शोधत. कारण बाई सुरी हातात देत. बाकीचे सर शिकवायचे म्हणजे स्वतः करायचे आणि मुलांनी मागून टाचा उंचावून बघायचं.

बाईंचं स्वतःचं शिक्षण असंच टाचा उंचावून झालं होतं. त्यांच्या वेळी विभागात त्या एकट्याच बाईमाणूस. पोट उघडलं की जखमेची कड लोखंडी हुकानं ओढून धरायचं काम त्यांच्याकडे. खांदे भरून येत, मान आखडे, पण आत काय चाललंय ते सरांच्या पाठीमुळे दिसत नसे. सर म्हणत, "धरून ठेवण्यात हिचा हात कोणी धरणार नाही." सगळे हसत, बाईही हसत. मग घरी येऊन खाटकाकडून आणलेल्या आतड्यावर टाके घालत बसत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो फ्रिज उघडायच्या आधी विचारायचा, "आतलं कुठलं पातेलं आपलं आणि कुठलं पेशंटचं?" मूलबाळ झालं नाही. त्याची चर्चा दोघांनी थोडे दिवस केली आणि सोडून दिली.

बाईंनी तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की आपल्या हाताखाली जो येईल त्याला आपण नुसता हूक धरून उभं करणार नाही.

त्यांच्या हाताखाली जे आले त्यांतला एक डावखुरा होता. त्याला सगळे डावऱ्याच म्हणत. कात्री, पकडी, सगळी हत्यारं उजव्या हाताच्या बेतानं घडवलेली असतात. डाव्या हातात कात्रीची पाती एकमेकांवर बसण्याऐवजी फाकतात आणि धागा कापला न जाता चावला जातो. विभागाच्या प्रमुखांनी, ज्यांना मोठे सर म्हणत, त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की कातडीचा डॉक्टर हो, तिथे हात कुठलाही चालतो. पोरगा हुशार होता, पण मोठ्या सरांसमोर उभा राहिला की त्याच्या हातातली हत्यारं निसटत.

बाईंनी त्याला आपल्या युनिटात मागून घेतलं. त्याला काय अडतं ते कळावं म्हणून घरी त्या सगळं डाव्या हातानं करू लागल्या. भाजी डाव्या हातानं चिरली, कागद डाव्या हातानं कापले, बटणं लावली. नवरा म्हणाला, "आता या घरात तीन माणसं राहतात, त्यातला एक नुसता हात आहे." पण बाईंना युक्ती सापडली. डाव्या हातात कात्री धरली तर अंगठा बाहेर ढकलायचा नाही, आत ओढायचा. त्यांनी डावऱ्याला ते दाखवलं. तो शिकला. हळूहळू त्याचा हात इतका बसला की नर्सेस काम सोडून बघायला थांबत.

मग टेलरबाईचं ऑपरेशन आलं. शाळेचे गणवेश शिवणारी ही बाई. पित्ताशयात खडे, रोजचं ऑपरेशन, दुर्बिणीतून करायचं. बाईंनी डावऱ्याला पुढे केलं आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. पित्ताशयाची बारीक नळी कापायची असते आणि यकृताकडून येणारी मोठी नळी जपायची असते. सुजेनं दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या होत्या. बाई म्हणाल्या, थांब, अजून मोकळं कर, मला दोन्ही वेगळ्या दिसल्या पाहिजेत. तो "हो मॅडम" म्हणाला आणि त्याच क्षणी त्यानं कापलं. मोठी नळी कापली गेली.

पुढचं काम बाईंनी हातात घेतलं. पोट उघडलं, नळीचं वरचं टोक आतड्याला जोडलं, आणि टेलरबाई वाचली. डावऱ्या बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता. रडून त्याचा मास्क भिजला होता. बाईंनी त्याला तोंड धुऊन राउंड घ्यायला पाठवलं.

विभागाची बैठक झाली. मोठ्या सरांना डावऱ्याला काढायचंच होतं, आणि हे आयतं कारण मिळालं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, कात्री कोणाच्या हातात होती. डावऱ्या खाली बघत बसला. बाई म्हणाल्या, "माझ्या."

मोठ्या सरांना ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे. पण ज्यानं कबूल केलं त्याच्यावर शिक्का बसतो. बाईंची मोठी ऑपरेशनं बरेच दिवस बंद झाली, बढती हुकली ती कायमची. घरी सांगितलं तेव्हा नवरा ताटावरून उठला नाही की रागावला नाही. एवढंच म्हणाला की, तू हे त्या पोराला विचारून केलंस का? त्याचा अर्थ बाईंना तेव्हा कळला नाही.

टेलरबाईचं दुखणं मात्र मागे लागलं. जोडलेली नळी अधूनमधून आक्रसायची, मग थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, आणि पुन्हा आत नळी घालून ती रुंद करायची. ती दरवेळी बाईंकडेच यायची. चूक तुमच्या हातून झाली, पण तुम्ही तोंड लपवलं नाहीत, असं ती चारचौघांत सांगायची. बाई मान खाली घालून ऐकून घेत.

डावऱ्या शिकून बाहेर पडला, दुसऱ्या शहरात नाव कमावून परत आला, आणि वर्षं सरली तसा त्याच विभागाचा प्रमुख झाला. बाईंना आनंद झाला. सगळ्यांसमोर त्या त्याला 'सर' म्हणू लागल्या. तो ओशाळायचा, मग ओशाळेनासा झाला. थोड्याच दिवसांत नवे नियम आले. शेवटच्या वर्षापर्यंत कोणाही शिकाऊ डॉक्टरनं सुरी धरायची नाही. हूक धरायचा आणि बघायचं. मग बाईंचा ऑपरेशनचा वार दुसऱ्याला गेला, आणि त्यांच्या वाट्याला जखमांच्या पट्ट्या आणि पहिल्या वर्षाची लेक्चरं आली.

बाई त्याच्या केबिनमध्ये गेल्या. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला. शिकाऊ मुलांबद्दल बोलणं झालं. मग तो म्हणाला, "मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. पण त्या पित्तनळीच्या केसपासून लोकांच्या मनात आहेच. मुलांच्या हातात सुरी द्यायची तर शिकवणाऱ्यावर डाग नको."

बाईंना वाटलं, कोणी ऐकेल म्हणून हा असं बोलतोय. त्यांनी उठून दार लावलं.

"आता आपण दोघंच आहोत," त्या म्हणाल्या. "कात्री कोणाच्या हातात होती?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलला. "तुमच्या, मॅडम. मी थांबा म्हणालो होतो. तुम्ही ऐकलं नाहीत."

हा पोरगा खोटं बोलला की त्याचे कान तांबडे व्हायचे, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कानांकडे बघितलं. काही नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत त्यानं ती गोष्ट मनात इतक्या वेळा फिरवली होती की कात्री एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती, आणि त्याला खरंच आठवत होतं की 'थांबा' म्हणणारा आवाज आपला होता.

घरी नवरा म्हणाला, सांग की मग सगळ्यांना. पण काय सांगणार? भूल देणारे डॉक्टर वारले होते, नर्स कुठे होती पत्ता नव्हता. आणि आज खरं बोललं तर लोक म्हणणार, बाई तेव्हा खोटं बोलल्या की आता बोलतायत? दोन्हीकडून खोट्या ठरणार त्या बाईच.

तरी निदान एका माणसाला खरं कळावं असं त्यांना फार वाटू लागलं. टेलरबाई तपासणीला आली तेव्हा त्यांनी पडदा ओढला, स्टूल जवळ घेतलं आणि सगळं सांगितलं. मनातून त्यांची अपेक्षा होती की ती हात हातात घेईल.

टेलरबाई कॉटवर उठून बसली. "म्हणजे त्यानं कापलं."

"हो."

"आणि तुम्ही खोटं बोललात म्हणून तो डॉक्टर राहिला."

"तो पुढे चांगला सर्जन झाला," बाई म्हणाल्या.

"माझ्यानंतर त्यानं अजून कोणाचं असं कापलं का? तुम्ही विचारलंत कधी?"

बाईंनी विचारलं नव्हतं. डावऱ्या दुसऱ्या शहरात होता तेव्हा एकदा काहीतरी कानावर आलं होतं, आणि त्यांनी विषय बदलला होता. आत्ताही त्या केसपेपर चाळू लागल्या, आणि टेलरबाईला उत्तर मिळालं. तिनं पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि म्हणाली, "मी इतकी वर्षं तुम्हाला माफ करत आले. ते करायलाही तुम्ही मला खरं कारण दिलं नाहीत."

ती परत आली नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलातून एका डॉक्टरचा फोन आला, बाईंचाच जुना विद्यार्थी. टेलरबाईचा जोड त्यानं नव्यानं केला होता आणि आधीची माहिती हवी होती. बाईंनी बारीकसारीक सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, कशा आहेत त्या. तो अवघडला. म्हणाला, छान आहेत, मशिनवर बसायला लागल्या, पण मॅडम, तुम्हाला काही कळवू नका म्हणाल्या आहेत.

बाईंनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोपाच्या समारंभात डावऱ्या बोलायला उठला. घरी डाव्या हातानं भाजी चिरून आपल्याला शिकवणाऱ्या मॅडमची गोष्ट त्यानं सांगितली, आणि सांगता सांगता त्यानं खरोखर डोळे पुसले. शेवटी म्हणाला की माणूस म्हटला की एखादी चूक व्हायचीच, त्यानं मॅडमचं मोठेपण कमी होत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी हार घेतला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

आता त्या दुपारच्या चष्म्याच्या दुकानात बसतात. हूक धरून कंटाळलेली शिकाऊ मुलं त्यांचं नाव ऐकून कधीमधी तिथे येतात आणि विचारतात, मॅडम, रविवारी गाठी शिकवाल का? बाई त्यांना बसवतात, पाणी देतात आणि सांगतात की आता माझे हात दुखतात. मुलं निघून जातात. नवरा काउंटरमागून बघतो आणि पुन्हा चष्म्याची काच पुसू लागतो. बाईंचे हात दुखत नाहीत, हे त्याला माहीत आहे.