दोन थापा

मंडळी, ज्या निळ्या टेम्पोतून आम्ही दोघं आसाम-मेघालय फिरून आलतो, तो आज विकला.

आत पलंग, स्टोव्ह, कांदालसूण चटणीची बरणी, झालं घर. हे चालवायचे, मी क्लीनर. गाडी मागं घेताना खाली उतरून पत्र्यावर थाप मारायची. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आसामात भातशेतांच्या चिखलात, मेघालयाच्या धुक्यात ह्यांनी आरशात कधी बघितलंच नाही. "तू हाईस की मागं," म्हणायचे.

हे गेल्यापासून गाडी दारात नुसती गंजत होती.

दुपारी हातकणंगल्याचा भाजीवाला न्यायला आला. बोळातून मागं घेताना चाक गटारात जाणार, तेवढ्यात मी सवयीनं धावले आणि थाप मारली. गाडी जागेवर थांबली.

खिडकीतून ह्यांचं डोकं बाहेर येईल म्हणून मी बघत राहिले. आलं त्या पावण्याचं. त्यानं चाक वळवून गाडी सरळ घेतली.

"सरळ झालीया, वैनी. दोन मारा की, जातो."

हात उठेना. इतकी वर्षं 'चला' म्हणून थाप मारली, पण प्रत्येक वेळी पळत जाऊन ह्यांच्या शेजारी बसायला.

शेवटी शेजारणीनं मारल्या.

तुम्ही मारल्या असत्या का?