भावाच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक

सालझबर्गच्या स्टेशनाला दोन्ही बाजूंनी दारं आहेत. जुन्या शहरात जायचं असेल तर चौकाच्या बाजूनं बाहेर पडायचं, बस तिथंच मिळते. मागच्या दारानं बाहेर पडलात की चुकलात. मला हे पाठ आहे आणि मी तिथं कधी गेलेली नाही. मी सुरतेत, नवागामात राहते. सुरतेबाहेर माझं जाणं म्हणजे वर्षातून दोनदा उधन्याहून गाडी पकडून गावाला, तेही आप्पा, माय आणि चार पिशव्यांच्या मध्ये बसून.

जर्मनीत शिकायला गेला तो माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघंही इंजिनीयर झालो. मार्क माझे जास्त होते, हे सांगायची आता काही गरज नाही, पण सांगते. परदेशी शिकायचं खूळही आधी माझ्याच डोक्यात आलं होतं. कुठल्या विद्यापीठाला फी नसते, कोणते कागद लागतात, सगळं मीच शोधलं, आणि घरात विषय काढल्यावर आप्पा म्हणाले, "पहिले तो जाई, जम बसाडी, मंग तू." आप्पा आयुष्यभर लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, उभे राहिले. त्यांच्या आवाजाला खात्यातल्या खडखडाटाची सवय, त्यामुळे साधं बोलले तरी निकाल दिल्यासारखं वाटतं. भावानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "ताई, एक वर्ष ना फक्त. मी आहे ना तिथं. तुला घ्यायला एअरपोर्टवर येईन." मी खूश झाले. मूर्खासारखी खूश झाले.

तर तो गेला, आणि पहिल्याच रविवारी उपाशी राहिला. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, हे साहेबांच्या गावीही नव्हतं. सकाळी फोन. "ताई, खायला काहीच नाही यार." सुरतेत बसून मी त्याला स्टेशनातलं उघडं दुकान शोधून दिलं. तिथून हे सुरू झालं. शनिवारीच ब्रेड-दूध आणून ठेव, हे मी सांगायचं. विद्यापीठाच्या पासावर कोणत्या गाड्या चालतात आणि कोणत्या चालत नाहीत, हेही मीच. जलद गाडीत चुकून बसलास तर दंड बसेल, तेव्हा हळू गाड्यांनी जा, तीनदा बदलावी लागेल, पण जा.

मग दर शनिवार-रविवार. ब्रेमेन, नंतर प्राग. नाताळात व्हिएन्ना. ईस्टरला चार दिवस जोडून आले, तर त्या चार दिवसांची अशी काही आखणी मी केली की त्याचे मित्र विचारायला लागले, तुझी बहीण ट्रॅव्हलवाल्यांकडे आहे का? मी होते रिंगरोडच्या कापड मार्केटात, एका पेढीत साड्यांच्या ऑर्डरी टाइप करत. दुपारच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर मोबाइल टेकवून मी नकाशात रस्तोरस्ती हिंडायचे. कुठल्या हॉस्टेलचा जिना अरुंद, कुठल्या पुलावरून किल्ला नीट दिसतो. शेजारची बाई म्हणायची, "शुं जुए छे रोज?" रोज काय बघतेस म्हणून. मी म्हणायचे, भावाचं काम आहे. खोटं सांगत होते. काम माझं होतं. पुढच्या वर्षी मला हे सगळं करायचंच होतं, मी आधीच शिकून घेत होते.

आणि फोटो. तो आधी मला पाठवायचा, मग मी आप्पांना. मधे माझी कात्री चालायची. टेबलावरचे बिअरचे ग्लास कापायचे. त्याच्या कमरेभोवती कुणा मुलीचा हात असेल तर तो कापायचा. एका फोटोत तर कापून कापून शेवटी भावाचं डोकं आणि एक चर्च उरलं. आप्पा तेवढ्यावरही हरखायचे. खात्यात सगळ्यांना दाखवायचे, गावाकडच्या ग्रुपवर टाकायचे. "मना पोऱ्या," म्हणायचे, "सुट्टीमा पण बसस नही, ज्ञान घेत फिरस." मी ऐकून गालात हसायचे. भावाला फोनवर चिडवायचे, काय रे, चार ग्लास ज्ञान घेतलंस म्हणे काल? तो म्हणायचा, "ताई, तू आहेस म्हणून मी आहे."

जुलैच्या शेवटी माझं पत्र आलं. त्याच्याच विद्यापीठाचं. प्रवेश मिळाला होता. दोन आठवड्यांत हो किंवा नाही कळवायचं होतं. मी ते छापून आणलं आणि आप्पांच्या हातात दिलं. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी दोन्ही बाजूंनी बघितलं. मागची बाजू कोरी होती. म्हणाले, "भाऊले ईचारू."

मला काळजी वाटली नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, चला, झालं काम. तो हो म्हणणार, दुसरं काय म्हणणार? एक वर्ष त्याच्या सुट्ट्या मी जगले होते, त्याची झाकपाक मी केली होती. त्याच्याइतकं माझं तिथं कुणीच नव्हतं.

रविवारी आप्पांना खात्याला सुट्टी असते. संध्याकाळी सगळे घरात. माय साडीला खडे चिकटवत बसली होती, मी तिच्यासमोर पदराची बाजू धरून. भाऊ त्या दिवशी डोंगरातल्या एका तलावावर गेला होता. तो तलाव मीच निवडला होता, गर्दी कमी म्हणून. आप्पांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पोरीले चिठ्ठी उनी शे," आप्पा म्हणाले. "तू तठे शेस, तुले माहीत. तू सांगशी तसं करू."

पलीकडे पाण्याचा आवाज आला. कुणीतरी हसलं, मुलगी असावी. मग तो आवाज लांब गेला. भाऊ उठून बाजूला गेला असणार.

"आठे पोरीस्ले बरं नही, आप्पा," तो म्हणाला.

मुलींना तिथं बरं नाही? मला आधी वाटलं, मस्करी करतोय. आता हसेल, मग म्हणेल, पाठवा तिला. मी फोनकडे बघत राहिले. तो हसला नाही. वातावरण वेगळं आहे, म्हणाला. एकटी पोरगी, रात्री-अपरात्री यावं-जावं लागतं, कुणाचा कुणाला धरबंध नाही. मी तरी किती लक्ष ठेवणार?

आप्पा गोंधळले. त्यांनाही हो म्हणायचं होतं, हे मला दिसत होतं. आजही मी शपथेवर सांगेन, त्यांना हो म्हणायचं होतं. "पण फोटोमा तं चांगलं दिखस," ते म्हणाले.

"फोटोमा सगळं थोडी दिखस, आप्पा?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फोटोत सगळं दिसत नव्हतं, कारण मी दिसू दिलं नव्हतं! न कापलेले सगळे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते, हाताशी, साडीच्या पदराखाली. मी ते काढून आप्पांपुढे धरू शकत होते. हे बघा तुमचा पोऱ्या, हे त्याचं ज्ञान, आणि म्हणून त्याला बहीण तिथं नकोय. पदर सोडून मी मोबाइल उचललासुद्धा.

आणि तसाच खाली ठेवला. कारण आप्पांनी ते फोटो बघून काय म्हटलं असतं? भाऊ खोटारडा आहे, असं? नाही. म्हटलं असतं, पोऱ्या खरं सांगतोय, तिकडे खरंच असं चालतं. त्याला शिव्या पडल्या असत्या, पंधरा दिवसांत विरल्या असत्या, आणि माझं दार मीच माझ्या हातानं बंद केलं असतं. दाखवलं तरी मेले, नाही दाखवलं तरी मेले. मायकडे बघितलं. ती खाली मान घालून एकेक खडा दाबत होती. "तो तठे शे," एवढंच म्हणाली, "त्याले माहीत."

आप्पांनी पत्राची घडी घातली. चष्म्याच्या घरात ठेवली. नंतर कितीतरी दिवस मी त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते पेढीत बसून मनात बोलत असायचे.

फोन अजून चालूच होता. "आप्पा," भाऊ म्हणाला, "ताईले द्या ना जरा." आप्पांनी फोन माझ्यापुढे धरला.

"ताई, बस गेली यार. सगळे थांबलेत इथं. पुढची कधी?"

काही वाटलं नाही त्याला. जरासुद्धा नाही. मी त्याला सांगायला हवं होतं, बस तिथंच, पोहत जा. सांगायला हवं होतं की मला काय माहीत, मी कुठं गेलेय तिकडे. पण वर्षभराची सवय, तोंडातून आपोआप निघालं. पुढची बस दीड तासानं आहे, तिच्या नादी लागू नका, गाडी चुकेल. नदीच्या कडेनं पायवाट आहे, ती धरा. लाकडी पूल लागेल, तो ओलांडायचा नाही. तासाभरात स्टेशन. गाडीत पुढच्या डब्यात बसा, मागचे डबे मधे सुटतात.

"थँक यू ताई, तू ग्रेट आहेस," म्हणाला आणि ठेवला.

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा मघाचा गोंधळ पार गेला होता. इतक्या कौतुकानं त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला की मला तो झिडकारताही आला नाही.

"घरमा बसीसन तुले तठलं सगळं माहीत शे, पोरी," ते म्हणाले. "मंग तठे जाईसन काय करशी?"