उंदरांची दुपार

आमच्या कॉलेजात एसी दोघांनाच होता: प्राचार्यांना आणि उंदरांना. मी प्रयोगशाळेतला परिचर. नागपूरचा मे महिना, आणि प्राचार्यांच्या खोलीत जाऊन आडवं होता येत नव्हतं. उरले उंदीर.

उंदीर पीएच.डी. करणाऱ्या मॅडमचे. अर्धे उजेडाच्या खोलीत, अर्धे काळोखाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं होतं. "भाऊ, डोळ्यात मागच्या बाजूनं एक पडदा असते. उजेड पडला का त्यातल्या पेशी एकमेकींले निरोप देतात. तो निरोप काही मोजक्या पेशींपर्यंत गेला, का त्या डोपामाइन नावाचं रसायन जास्त बनवतात. अंधारात ते काम मंदावते. म्हणून या खोलीत काडीसुद्धा पेटवायची नाही." दाणापाण्यापुरता, उंदरांना फारसा न दिसणारा एक मिणमिणता लाल दिवा, बस.

काळोखाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. दुपारी एक ते अडीच मी आत. झोप आली नाही की मोबाईलवर लुडो. समोर खेळायला, नंदनवन वस्तीतल्या घरून, बायको.

"अवो, एसीत बसून माही सोंगटी काहून मारता? त्या उंदरांची तरी लाज धरा."

उंदीर जाळीशी येऊन डाव बघायचे. मला वाटायचं, सोबत करतात बिचारे.

तीन वाजता मॅडम नमुने घ्यायच्या. नमुना घ्यायचा म्हणजे उंदीर संपायचा. हे वाक्य मी इतकी वर्षं टाळलं.

एके दिवशी त्या पेढे घेऊन आल्या. "भाऊ, अंधारातल्या उंदरांचंही डोपामाइन दुपारी वाढून राहिलं! इतकं! उजेड नसताना! यांच्या डोळ्यातच घड्याळ आहे, दुपार झाली का कळते त्याईले."

पहिला पेढा चवीनं खाल्ला. दुसरा तोंडात असताना मला ते घड्याळ कोणतं, ते कळलं.

सोमवारी त्यांची परिषद होती. तिथे लावायचं या शोधाचं पोस्टर छापून आलं होतं. बायको म्हणाली, "सांगून टाका न."

"नोकरी जाईन वं."

"अन् चार लोकांत मॅडमचं हसू होईन, ते?"

शनिवारी गेलो. पोस्टरकडे बघत बोललो, त्यांच्याकडे बघवलं नाही. "मॅडम, ते घड्याळ म्हणजे मीच होय. आत बसून लुडो खेळत होतो. रोज."

त्यांनी नोंदवही उघडली, पानं उलटली. "भाचीच्या लग्नाले कामठीले गेले होते न तुम्ही? त्या आठवड्यात सगळे आकडे खाली. मले वाटलं, मशीन बिघडलं." मग वही मिटून, "ब्राइटनेस किती ठेवत होते?"

"पूर्ण. चष्मा घरी राहायचा."

त्या हसायला लागल्या. डोळे पुसले, पुन्हा हसल्या. नुसतं हसूच होतं का ते, मी विचारलं नाही. पोस्टर गुंडाळून कपाटामागे गेलं. परिषदेला त्या गेल्या नाहीत. सगळा प्रयोग पहिल्यापासून, नवे उंदीर, आणखी एक वर्ष. माझी तक्रार मात्र त्यांनी केली नाही; मोबाईल तेवढा रोज स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवून घ्यायच्या.

त्यांच्या प्रबंधात शेवटी आभार आहेत. त्यात मीही आहे: 'अंधार नीट राखल्याबद्दल.' ते पान मी बायकोला वाचून दाखवलं नाही.

मॅडम आता दुसऱ्या गावी शिकवतात. खोलीत नवे उंदीर आहेत, नव्या मॅडम आहेत. मोबाईल मी आपणहून बाहेरच्या खणात ठेवतो. आणि खरं तेच सांगायचं ठरवलंय, तर दुपारी एक ते अडीच अजूनही आतच असतो. पण डोळे मिटून.