डचेसच्या वजनाचा तंबू

आयव्हर मल्क्वीनची आणि माझी पहिली भेट त्याच्या पायांपासून सुरू झाली. चेहऱ्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. मी किनाऱ्याजवळच्या हारीहारी या खेड्यात नुकताच राहायला आलो होतो. शेजाऱ्यांना तोंड दाखवावं म्हणून कुंपणावरून डोकावलो, तर हिरवळीवर एक लांबलचक हिरवी पिशवी पडलेली आणि तिच्या टोकातून दोन लोकरी मोजे बाहेर आलेले. ते पाय एवढे अवाढव्य होते की आत एकच माणूस असेल यावर विश्वास बसेना. वर पाऊस आमच्या किनाऱ्याचा, म्हणजे थेंब वगैरे भानगड नाही, आभाळ उपडंच केलेलं. मी टोपी काढली, मान खाली घातली आणि प्रसंगाला शोभेल असं काहीतरी पुटपुटलो.

"पुटपुटू नकोस," मृत म्हणाला. "पायावर पाणी पडतंय का तेवढं सांग."

"पडतंय."

"वरून की खालून?"

"चहूबाजूंनी."

"च्यायला!" असं म्हणत पिशवी उठून बसली. पिशवीतून आधी पांढरी दाढी आली, मग दाढीमागून आयव्हर आला. पिशवी बाहेरून भिजली होती त्याहून तो आत जास्त भिजला होता. "ही पण बाद," तो म्हणाला. "हिच्यात माणसाचा श्वाससुद्धा पाणी होऊन गळतो."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको शोना ओरडली, "नवीन शेजारी आलाय, निदान पॅन्ट तरी घाल!"

आयव्हरने उभा जन्म दुधाचा टँकर चालवण्यात घालवला होता. पण तो स्वतःला मानायचा शिकारी. एप्रिल आला, माजावर आलेल्या हरणांच्या नरांनी डोंगरात डरकाळ्या फोडायला सुरुवात केली, की हा पाठीवर बंदूक टाकून खोऱ्याच्या अगदी टोकाला, झाडं संपतात त्याच्याही वर चालत जायचा. तरुणपणापासून डरकाळ्यांचा एकही हंगाम चुकला नव्हता. त्या वर्षी मात्र उजव्या गुडघ्याने दगा दिला. हॉकिटिका शहरातले डॉक्टर म्हणाले, पाठीवर फार तर एखाद्या लहान कुत्र्याएवढं ओझं. शोनाने ते शब्दशः घेतलं. घरात लहान कुत्रं होतंच. डचेस नावाची, अंगाने पिंपासारखी आणि मनाने राणीसारखी एक कुत्री.

परसात ओंडक्यावर फळी आडवी टाकली होती. एका टोकाला पाठपिशवी, दुसऱ्या टोकाला डचेस. डचेसची बाजू खाली गेली तर आयव्हरने जायचं, वर गेली तर घरी बसायचं. शोनाचा हा कायदा.

बंदूक कमी होत नव्हती. स्लीपिंग बॅग, खाणं, संकटात हाक मारायचं यंत्र, यातलं काही सोडायला शोना तयार नव्हती. उरला निवारा. म्हणून आयव्हर रोज काहीतरी नवीन आणून हिरवळीवर त्याच्यात झोपायचा. जुना कॅनव्हासचा तंबू घेतला तेव्हा डचेस फळीवरून उडून हायड्रेंजियाच्या झुडपात पडली. नुसतं ताडपत्रीचं छत घेतलं तेव्हा वजन जमलं. पण डोंगरावर ते बांधायला झाड कुठलं? शिवाय ते चहूबाजूंनी उघडं. आमच्याकडच्या बारीक काळ्या माश्यांनी अर्ध्या तासात त्याचे कान इतके सुजवले की शोनाने त्याला आधी ओळखलंच नाही.

मग मला एक विचित्र गोष्ट दिसली. निवारा कुठलाही असो, डचेसची बाजू हळूहळू खाली येऊ लागली होती.

"आयव्हर, कुत्रीला काय घालतोस?" मी विचारलं.

"प्रेम," तो म्हणाला. त्याच्या खिशातून सॉसेज डोकावत होतं.

शोनाला हे कळायला वेळ लागला नाही. "तिचं पोट जमिनीला घासतंय, लबाडा! तुझा गुडघा वाचवायला मी त्या बिचारीचे चार गुडघे मोडू?"

पलीकडच्या गोठ्याचा मालक डेस हॅनरटी हे सगळं कुंपणाला रेलून रोज बघायचा. आमच्याकडे तेव्हा टीव्हीवर दोनच चॅनल दिसत. "अरे म्हाताऱ्या, कशाला जीव काढतोस? माझा भाचा हेलिकॉप्टरने वर सोडतो. खुर्चीसकट!"

"हेलिकॉप्टरने जायला मी काय किराणा आहे?" आयव्हर फिस्कारला. "ज्या दिवशी मला डोंगरावर चालत जाता येणार नाही, त्या दिवशी मी शिकारी नाही."

हे तो हसत म्हणाला नाही. शोनाने खिडकी हळूच लावून घेतली.

आणि मग क्राइस्टचर्चहून ते पार्सल आलं. मुठीत मावेल एवढा तंबू. कापड कांद्याच्या सालीसारखं, माश्यांसाठी जाळी शिवलेली, आणि खांब? खांब नव्हतेच! गुडघ्यासाठी आयव्हर ज्या दोन काठ्या टेकत चालायचा, त्याच उभ्या करायच्या आणि त्यांच्यावर तंबू ताणायचा. काठ्या हातात, म्हणजे पाठीवर त्यांचं वजन नाहीच. आयव्हर आनंदाने नाचला, अर्थात एकाच पायावर. फळीवर डचेसची बाजू धप्पकन खाली गेली. शोनाने दोनदा करून पाहिलं आणि हार मानली.

मी त्याला गाडीने रस्ता संपतो तिथे सोडलं. आमच्यातल्या कुणाच्याही, अगदी डचेसच्याही डोक्यात एक साधा प्रश्न आला नव्हता.

तो आयव्हरच्या डोक्यात आला दुसऱ्या दिवशी सकाळी, खोऱ्याच्या टोकाला, पावसात. तो आत कोरडाठाक झोपलेला. ओढ्यापलीकडून डरकाळी आली. अशी डरकाळी त्याने वर्षानुवर्षांत ऐकली नव्हती! त्याने नराचा आवाज काढायला आणलेलं गाईचं शिंग तोंडाला लावून उत्तर दिलं. पलीकडून आणखी मोठी डरकाळी. आयव्हरने बंदूक घेतली, काठ्यांकडे हात नेला आणि थबकला. काठ्या घेतल्या तर तंबू नाही. तंबू ठेवला तर चालणं नाही.

शिकाऱ्याने काय करावं? त्याने दोन्ही काठ्या उपटल्या. तंबू स्लीपिंग बॅगेवर ओल्या फडक्यासारखा बसला.

डरकाळ्या देत, घेत तो ओढ्यापर्यंत उतरला. पूर्ण जनावर दिसल्याशिवाय बंदूक उचलायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. म्हणून त्याने दुर्बीण लावली. झुडपात नारिंगी टोपी दिसली. टोपीखाली व्हॅक्यूम क्लीनरची नळी होती आणि नळीच्या मागे डेस.

"आयव्हर? तू होय रे!" डेस ओरडला. "लेका, मी सकाळपासून तुझ्याशी भांडतोय! म्हटलं, केवढा दांडगा नर आहे!"

"बायकोच्या नळीतून बोंबलायला लाज नाही वाटत?"

"तुझं अंथरूण कुठाय?"

वर भिजलेल्या कापडाचा ढीग इथूनही दिसत होता.

डेसच्या तंबूत उभं राहता येत होतं. शेगडी होती, बिअर होती, दोन खुर्च्या होत्या. दुसरी कुणासाठी आणली होती, हे डेसने सांगितलं नाही आणि आयव्हरने विचारलं नाही. हरीण दोघांनाही मिळालं नाही.

आयव्हर खाली हेलिकॉप्टरने आला. हिवाळ्यात त्याचा गुडघा बदलला. आता तो काठ्यांशिवाय चालतो, पण डॉक्टरांनी त्याला डोंगर बंद केला आहे. तंबू परसात त्या दोन काठ्यांवर उभा असतो. त्यात शोना सरपण ठेवते. ते थोडं भिजतं.