पाच मिनिटांची लाळ

तमाम जनतेस कळवण्यात येते की प्रस्तुत लेखकाने उमेदीची तीन वर्षं लोकांची लाळ जमवण्यात घालवली, आणि त्याबद्दल त्याच्यावर अद्याप कोणताही गुन्हा दाखल झालेला नाही.

मी तेव्हा हैदराबादच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होतो आणि प्रबंध लिहीत होतो. बेगम बाजारात मसाल्याचं दुकान असलेल्या सासऱ्यांनी विषय ऐकल्यापासून जावई काय करतात हे पाहुण्यांना सांगणंच सोडलं. विषय मात्र देखणा. ग्रंथीत तयार होते तेव्हा लाळ रक्ताइतकीच खारट असते. तोंडाकडे येताना ती बारीक नळ्यांतून जाते आणि तिथल्या पेशी तिच्यातलं सोडियम परत ओढून घेतात. लाळ सावकाश आली तर त्यांना वेळ मिळतो, ती अळणी होते. भरभर आली तर खारट राहते. पेशीच्या आत सोडियम फार साठलं, तर ती आपली दारं आपणच लावून घेते.

त्यासाठी विभागातलेच पाच जण रोज अकराला माना खाली घालून बसायचे. ओठाशी काचेची नळी, लाळ आपोआप ठिबकू द्यायची. पाच मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. दारातून पाहणाऱ्याला वाटे, कोणीतरी गेलंय.

त्यांतल्या एक आमच्या तंत्रज्ञ बाई, गुंटूरकडच्या. नमुना ज्योतीत सोडून सोडियम मोजायचं काम त्यांचं. ज्योतीचा पिवळेपणा बघून त्या यंत्राआधी आकडा सांगायच्या.

मग राज्याचे दोन भाग झाले आणि नोकरदारांच्या वाटणीच्या याद्या निघू लागल्या. ज्याची शाळा जिथली, तो तिथला. बाईंची शाळा गुंटूरची, म्हणजे पलीकडच्या राज्यातली. घर मात्र इथेच, हैदराबादच्या अंबरपेठेत, आणि घरात अंथरुणाला खिळलेली आई. तिला कूस बदलायलाही बाईच लागत. वडिलांच्या काळात मराठवाडा तेव्हाच्या हैदराबाद राज्यातून निघून गेला आणि आम्ही इथेच राहिलो, म्हणून मला वाटे, याद्यांचं दुःख मला कळतं. कळत नव्हतं.

यादी येणार त्या सकाळी बाई म्हणाल्या, "आज नक्को सर. मुँह सुक्खा है. कल लेव."

"बाई, वेळ चुकली की आकडे चुकले," मी हात हवेत उंचावून म्हणालो. "विज्ञान यादीसाठी थांबत नाही."

"थुंकीसाठी रोज थांबतं की," आमचा कारकून म्हणाला आणि यादी आणायला गेला. बाई बाकीच्यांबरोबर नळी घेऊन बसल्या, मी घड्याळ लावलं.

तिसऱ्या मिनिटाला तो परतला. बाईंकडे न बघता त्याने हळूच वाचलं. बाईंचं नाव पलीकडे होतं. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं.

मी घड्याळ थांबवायचं होतं. एवढंच करायचं होतं. मी काटा बघत राहिलो. बाकी चौघांनी नळ्या खाली ठेवल्या. बाईंची मान तशीच खाली, नळी ओठाशी. नियम मीच शिकवला होता.

पाच मिनिटं पुरी झाली. नळीच्या तळाशी जेमतेम काहीतरी चमकत होतं. बाईंनी ती उजेडात धरली, सवयीने बूच लावलं आणि माझ्या हातात दिली.

"ये फेंक देव सर, इसमें आँखों का पानी गिर गया."