पाव्हणं हुबं हायती

कुंडलात लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी लालासाहेबांना बोलावणं जायचं. कुणाला फेटा बांधायचा, कुणाला टोपी-टॉवेलवर भागवायचं, आणि कुणाच्या हातात नारळ उशिरा पडला तर तो न जेवता गाडीत जाऊन बसेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. एकदा वराच्या मामाला फेट्याऐवजी टोपी गेली आणि वरात अडली. लालासाहेबांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवून मामाला बांधला आणि नवरदेवाचा घोडा हलवला. या कामाचे पैसे कुणी देत नसे. पोट उसावर चाले. हे दुसरं काम ते जगण्यासाठी करत असावेत.

एकुलती लेक क्रांती त्यांनी कोरेगावला दिली. जावई वीरधवल सैन्यात, व्याही सयाजीराव. मुलीच्या बापाने द्यायचं, घ्यायचं नाही, एवढा एकच कायदा लालासाहेब मानत, आणि तो त्यांनी कडक पाळला. कोरेगावला कपभर चहा घेतला तरी माघारी निघताना उंबऱ्याच्या आत गुळाची ढेप ठेवून येत. सयाजीरावांच्या घरात कोणाला गुळाचा चहा आवडत नाही, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

मग त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिसला सांगलीच्या खेपा सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी घरातली किडनी मिळते का बघा, असं सांगितलं. बायकोला, बनुबाईंना, साखरेचा आजार, त्यांची चालेना. क्रांतीची जुळली. लालासाहेब म्हणाले, "लेकीकडनं घेयाचं न्हाई."

"आवं, मग मरा मानानं," बनुबाई म्हणाल्या. "फकस्त जायच्या आदी तेवढं सांगून ठेवा, खांद्याला कोण फुडं आन् कोण मागं. न्हाईतर तिथंबी भांडणं हुतील."

त्यावरही ते अडूनच राहिले. शेवटी कोरेगावहून सयाजीराव स्वतः आले. सोप्यात बसून, मांडीवर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, लेक तुमची हुती. आता सून आमची हाय. आमी देतोय म्हटल्यावर तुमाला न्हाई म्हणाय येत न्हाई."

व्याह्याचा शब्द मोडायला लालासाहेबांकडे कलम नव्हतं. त्यांनी मान हलवली. आपल्यावर आता किती ढेपा झाल्या, याचा विचार त्यांनी त्या क्षणापासून सुरू केला असावा.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्याच दिवशी नव्या किडनीने काम धरलं आणि बनुबाईंनी फोनवरून गावाला कळवलं, "लघवी झाली!" या बातमीवर कुंडलात पेढे वाटले गेले.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं. शरीर परकी वस्तू ठेवून घेत नाही. बाहेर काढायला बघतं. म्हणून औषधं देऊन त्याचे राखणदार झोपवायचे. पण राखणदार झोपले की साधी सर्दीसुद्धा घरात घुसते. म्हणून भेटायला कुणी यायचं नाही. खोलीत फक्त बनुबाई, त्याही तोंडाला मास्क लावून. बाकीच्यांनी काचेबाहेरून बघायचं. गावाकडून टेम्पो भरून माणसं आली, तासगावच्या द्राक्षांच्या पेट्या घेऊन. न शिजवलेलं फळ चालत नाही म्हणताच त्यांनी ती द्राक्षं टेम्पोतच खाल्ली आणि काचेबाहेरून हात जोडून सगळी माघारी गेली. लालासाहेबांनी गादीवरून हात जोडले. त्यांना ते लागलं, पण ती सगळी गावची माणसं. त्यांना नंतर सांभाळून घेता आलं असतं.

क्रांतीला दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती, पण बाप आत म्हणून ती कुशीला हात धरून बाहेरच्या बाकावर बसून असायची. तिनेच सयाजीरावांना जिन्यावरून येताना पाहिलं, आणि त्याच्याही आधी ऐकलं. ते खोकत होते.

"मामा, खोकला हाय तुमाला?" सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"यष्टीत धुराळा लय. बरी हायस न्हवं तू? दमाची कामं करू नगंस."

ते काचेपाशी जाऊन उभे राहिले. जवळ जाऊ नका, खाली बसा, एवढंच तिला म्हणायचं होतं. किडनी देते हे सांगताना क्रांतीचा आवाज कापला नव्हता. पण सासऱ्याला परत जा म्हणायचं ते वाक्य तिच्या तोंडातून बाहेर आलं नाही. सुनेला तशी वाक्यं नसतात. तिच्या बापाने तिला ती शिकवलीच नव्हती.

आत लालासाहेब उठून बसले. "पाव्हणं हुबं हायती."

"मग काय झालं? कालपतोर सगळं गाव हुबं हुतं," बनुबाई म्हणाल्या.

"गावाची किडनी न्हाई माझ्या पोटात. टोपी कुठाय माझी?"

"डाक्टरनी काय सांगितलंय?"

"डाक्टरला लेक न्हाई दिली मी."

टोपी पिशवीत चपलांच्या वर होती. ती त्यांनी झटकून घातली. तोंडावरचा मास्क उतरवून उशीखाली ठेवला. बनुबाई आडव्या आल्या तेव्हा म्हणाले, "तोंडाला फडकं बांधून व्याह्यापुढं जाऊ? दरोडा घालायचाय व्हय?" आणि पोटाचे टाके एका हाताने धरून त्यांनी दार उघडलं.

सयाजीराव मागे सरकले. "आवं पाव्हणं, ऱ्हाऊंद्या! लांबनंच बघतो की मी."

"तुमी कोरेगावास्नं यायचं आन् मी आत लोळायचं? ह्ये शोभतंय व्हय?"

त्यांनी हात पसरले. पसरलेल्या हातांना नाही म्हणायची रीत सयाजीरावांकडेही नव्हती. लग्नातल्या व्याहीभेटीला घेतली होती तशी गळाभेट दोघांनी घेतली, या खांद्यावर आणि मग त्या खांद्यावर. सयाजीरावांना मध्येच ढास लागली. ती त्यांनी तोंड वळवून, बरीचशी, बाजूला खोकली. सिस्टर ओरडत आली तेव्हा लालासाहेबांच्या चेहऱ्यावर ऑपरेशननंतर पहिल्यांदाच रंग होता.

ताप तीन दिवसांनी आला. मग छाती भरली. छातीशी लढायला राखणदार जागे करणं भाग होतं, म्हणून औषधं कमी केली. राखणदार जागे झाले, त्यांनी छाती वाचवली, आणि मग आत परकं कोण बसलंय ते बघितलं. लालासाहेबांच्या घरून पाहुणा हाकलून दिला जाण्याची ही पहिलीच वेळ.

शुद्धीत आल्यावर त्यांनी बायकोला आणि लेकीला शपथ घातली. "खोकल्याचं कोरेगावला कळता कामा न्हाई. अंगानं घेतली न्हाई, एवढंच सांगायचं."

तेवढंच सांगितलं गेलं. क्रांती सासरी गेली तेव्हा सासू हळहळून म्हणाली, "मानवली न्हाई गं तुज्या बापाला." क्रांती म्हणाली, "व्हय." दर पावसाळी हवेला तिची कूस ओढते. तिथे आता काही नाही, आणि जिथे गेलं तिथेही नाही.

लालासाहेब पुन्हा डायलिसिसवर आहेत. भेटीगाठींवरची सगळी बंधनं उठली आहेत. आता कुणीही येऊ शकतं, आणि येतंही. बंधन फक्त पाण्याचं. दिवसाला मोजकं पाणी, चहासुद्धा त्यातच धरायचा.

परवा सयाजीराव माहेरी आलेल्या सुनेला न्यायला कुंडलला आले. येणार हे आदल्या दिवशी कळलं होतं. लालासाहेब सकाळपासून टोपी घालून सोप्यात बसले होते. गळाभेट झाली. सयाजीराव टेकले.

"पाव्हणं, किडनीचं झालं ते झालं. पर तवा दवाखान्यात मी येऊन गेलो, त्येचं लय समाधान वाटतंय बघा."

"तुमी आला म्हणून तर धीर आला," लालासाहेब म्हणाले.

स्वयंपाकघरात क्रांतीच्या हातातला चमचा थांबला. बनुबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही.

ती चहा घेऊन बाहेर आली. पहिला कप सासऱ्यापुढे ठेवला, दुसरा, भरलेला, बापापुढे. सयाजीरावांनी घोट घेतला. "साखरंचा केलाय व्हय? आमच्याकडं गूळ लय साठलाय, म्हणून इचारतो." हसता हसता त्यांचं लक्ष गेलं. "आन् पाव्हणं, तुमाला तर पाणी मोजून. पुरा कप चालतोय व्हय?"

"चालतोय की."

ओठ सुकून फुटले होते. सकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. क्रांतीला ते माहीत होतं. दिवसाच्या मोजक्या पाण्याचा तांब्या तिनेच भरून त्यांच्याजवळ ठेवला होता, आणि तो तसाच होता. पाहुण्याला एकट्याने चहा प्यावा लागू नये म्हणून त्यांनी दिवसाचं पाणी राखून ठेवलं होतं.

तिने रिकामा ट्रे उचलला आणि तांब्याही आत नेला.